भोईट्यांच्या घरी विश्वरूप पाझरलं

अनंतकोटी ब्रह्मांडांत, मंडळी, एकच गोष्ट अखंड आहे! सूर्य मावळतो, चंद्र झिजतो, राजे जातात, राज्यं जातात, पण ती गोष्ट थांबत नाही! तिला आदी नाही, अंत नाही. दिवसा चालते, रात्री चालते, आपण झोपलो तरी ती जागी असते! ऋषिमुनींनी हयात घालवली तिचं ध्यान करत. कोणती ती गोष्ट?

मोरीतला गळका नळ.

हसू नका! ज्याच्या घरी नाही त्यानं हात वर करावा. — तबलजी, तुमचा हात वर? अहो, तुम्ही भाड्यानं राहता. तो घरमालकाचा नळ. हात खाली घ्या, तबल्यावर ठेवा.

मंडळी, हा देह पंचमहाभूतांचा, तसंच घरही पंचमहाभूतांचंच! पृथ्वी कुठं आहे? भिंतीचे पोपडे पडतात, ती पृथ्वी. आप म्हणजे ओल. तेज म्हणाल, तर जिन्यातली ती लुकलुकणारी ट्यूब, जिला लागू का नको ते ठरवता येत नाही. वायू कपाटामागे कोंडलेला. आणि आकाश? छताच्या भेगेतून दिसतं तेवढं! पाचही महाभूतं तुमच्या घरात फुकट राहतायत, आणि तुम्ही म्हणता देव भेटत नाही!

तर आजचा प्रश्न असा. माणूस आपलं घर नीट ठेवतो, ते कोणासाठी? राहणाऱ्यासाठी, की बघायला येणाऱ्यासाठी? घाईनं उत्तर देऊ नका. पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही काय काय पलंगाखाली ढकलता, ते आठवा, आणि मग ऐका.

फलटणला एका कॉलनीत रंगराव भोईटे नावाचे गृहस्थ राहत. कालव्यावर नोकरी झाली. जन्मभर कुठं पाणी झिरपतंय, कुठं गळतंय, हेच बघितलं. मोठे तज्ज्ञ! आणि घरी? घरी मोरीच्या पाइपातून हॉलच्या भिंतीत पाणी उतरत होतं. सरकारी कालवा आणि घरची मोरी यांत माणूस भेद करतो, मंडळी. हीच माया!

त्यांची पत्नी शशिकलाबाई. घर कसं, तर खाली नुसते खांब, वर घर. खाली मोकळं का? तर पुढंमागं गाडी घेऊ! गाडी काही आली नाही. आली ती शशिकलाबाईंची गुडघेदुखी. जिना उतरणं बंद झालं. बाई वरच अडकली. हळदीकुंकू गॅलरीतून बघायचं. शेजारणीची नात चालायला लागली, ती वरून बघायची. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायची.

"अहो, वांगी किडकी दिली त्यानं!"

"परत पाठव की टोपलीतनं."

"परत पाठवण्यात काय आहे? मला त्याच्या समोर उभं राहून भांडायचंय!"

काय मागणं आहे बघा! कोणी मोक्ष मागतं, कोणी वैकुंठ मागतं. या माउलीला जमीन हवी होती. पायाखाली, साधी जमीन. बारामतीला लेकीच्या सोसायटीत तळमजल्याचा एक फ्लॅट होता. दार उघडलं की अंगण! त्याचा मालक म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढं नाही. म्हणजे दसऱ्याच्या आत हे घर विकलं तर शशिकलाबाई खाली. नाही तर वरच्या वर. कुणी म्हणेल, खाली खांबांमध्येच एक खोली बांधायची! रंगरावही तेच म्हणत होते. म्हणत होते. अजून म्हणतायत.

लोक यायला लागले घर बघायला. बेल दाबली, तर वाजत नाही. रंगराव आतून ओरडणार, "जोरात दाबा! डावीकडून दाबा!" आत आलं की अंधार. खिडक्या आहेत हो, पण खिडकीसमोर कपाट, कपाटावर ट्रंक, ट्रंकेवर लग्नातला गालिचा. सोफ्याला कव्हर, कव्हरवर प्लास्टिक, प्लास्टिकवर टॉवेल. मूळ सोफा कसा आहे हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही! आणि वास... मंडळी, घेणारा उंबऱ्यात पाऊल टाकतो तेव्हाच त्याचं नाक घर नाकारून मोकळं होतं. डोळे नंतर फक्त सही करतात. रंगरावांनी त्यावर काय केलं? खिडकी उघडली? छे! अत्तर फवारलं. कोंदट गुलाब!

लोक चहा प्यायचे आणि म्हणायचे, "कळवतो."

कळवतो! केवढा गूढ शब्द आहे! उच्चारला की माणूस अंतर्धान पावतो.

आता मुख्य गोष्ट. ती भिंतीवरची ओल. ओल आधी निराकार असते, मग हळूहळू आकार घेते. रंगरावांनी युक्ती काढली. ओल दिसली, की तिच्यावर देवाची तसबीर! सुरुवातीला बाळकृष्ण पुरला. ओल वाढली, बाळकृष्णाच्या जागी शेषशायी विष्णू आला. शेष लांब असतो ना, दोन्हीकडचं झाकलं. ओल अजून वाढली. मग रंगरावांनी आणलं विश्वरूपदर्शन! हात किती, मुखं किती! पुरुषभर उंच! सारं ब्रह्मांड व्यापून दशांगुळं उरणारा तो परमात्मा, भोईट्यांच्या ओलीवर जेमतेम पुरला!

घर बघायला आल्या प्रमिला माने. बालवाडी चालवायच्या. खालची खांबांची जागा बालवाडीला, वर बिऱ्हाड, असा विचार. बरोबर सासू, गोदाबाई. वयस्कर, पण जिना असा चढल्या की रंगरावच मागे राहिले. प्रमिलाबाई व्यवहारी. सरळ मोरीत गेल्या आणि पाण्याला जोर किती आहे बघायला नळ पूर्ण सोडला. इकडे गोदाबाई हॉलमध्ये. विश्वरूप बघितलं मात्र, हात जोडले! पण नुसता नमस्कार करून भागेल ती गोदाबाई कसली? पायांवर डोकं ठेवायचं! तसबिरीच्या तळाशी वाकल्या, कपाळ टेकवलं, आणि...

कपाळ ओलं!

वर बघतात, तर चौकटीखालून पाण्याची धार. थेंब, थेंब, थेंब...

"प्रमिला! अगं ये पळत! देवाला पाझर फुटला!"

"काय झालं, आत्याबाई?"

"विश्वरूप रडतंय गं! माझ्यासाठी रडतंय!"

मंडळी, रंगराव तिथंच उभे होते. तोंड उघडं. 'पाइप' हा शब्द जिभेवर आला होता. पण गोदाबाईंच्या डोळ्यांत जे तेज होतं ना! अशा माणसाला 'पाइप' म्हणायचं धाडस तुम्ही केलं असतं?

घटकाभरात कॉलनीभर झालं. बायका आल्या, नारळ आले, कुणी टाळ घेऊन आलं. आणि आपली रीत बघा. देवासमोर कोण तसंच जाईल? आधी पाय धुवायचे! कुठं? मोरीत! एकेक जण यायचा, मोरीत पाय धुवायचा, हॉलमध्ये यायचा. जो तो म्हणायचा, "अरे, धार वाढली!" वाढणारच! जेवढे पाय, तेवढा पाझर! जेवढी भक्ती, तेवढी प्रचिती! असा रोकडा देव कुणी पाहिलाय?

कॉलनीचे अध्यक्ष बापूसाहेब रणवरे आले. त्यांना अध्यक्ष कुणी केलं हे कुणाला माहीत नव्हतं, पण सगळे मान देत. खुर्चीवर उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "रंगराव! ही वास्तू आता तुमची नाही. ही जागृत जागा! ही विकायची नाही. इथं मंदिर होईल. तुम्ही आणि वहिनी, इथंच वर, जन्मभर देवाची सेवा करा!"

टाळ्या! रंगरावांची छाती फुगली. उभ्या आयुष्यात त्यांच्या घराला कुणी 'वास्तू' म्हटलं नव्हतं. आणि प्रमिलाबाई खाली मान घालून सासूला म्हणाल्या, "चला आत्याबाई. देवाचं घर आपण कसं विकत घ्यायचं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर शशिकलाबाई. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "अहो..."

"काय गं?"

"जन्मभर इथंच वर, म्हणाले ना ते?"

बस्स. एवढंच. रंगरावांनी त्यांच्याकडे बघितलं. बाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. गॅलरीच्या कठड्याकडे बघत होती. फुगलेली छाती हळूहळू बसली हो!

तेवढ्यात कुणीतरी तसबिरीखाली चांदीची वाटी धरली. तीर्थ! पहिला मान गोदाबाईंचा. पळीनं तीर्थ तळहातावर घेतलं, डोळे मिटले, हात ओठांकडे चालला...

"थांबा! पिऊ नका!" रंगराव ओरडले. "ते तुमच्या पायांचं पाणी आहे!"

टाळ थांबले.

"काय बोलताय, भाऊ?" गोदाबाईंचा हात अधांतरी.

"मोरीचा पाइप फुटलाय. ही भिंत त्याच्या पलीकडची. तुम्ही पाय धुता, ते इथून उतरतं."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं विश्वरूप उतरवलं. मागे काय होतं? हिरवं, काळं, फुगलेलं, त्यावर बारीक केसाळ बुरशी. बापूसाहेब खुर्चीवरून उतरले. बायकांनी पदर नाकाला लावले.

"देवाच्या पाठीमागं हे?" गोदाबाई म्हणाल्या.

"मीच लावलं त्याला तिथं," रंगराव म्हणाले. "झाकायला."

गोदाबाईंनी तळहात पदराला पुसला. चांगला घासून पुसला. "बिचारा देव!" म्हणाल्या. "किती वर्षं गार भिंतीला पाठ लावून उभा होता!" आणि जिना उतरून गेल्या. नारळ ज्याचे त्यानं परत नेले. हो, नारळाच्या बाबतीत आपण चोख असतो.

आता कसं व्हायचं? गिऱ्हाईक गेलं, अब्रू गेली, दसरा तोंडावर. पण मंडळी, झाकायला काही उरलं नाही की माणूस कामाला लागतो! रंगरावांनी प्लंबर बोलावला. मोरीची फरशी फोडली, पाइप बदलला. रंगारी म्हणाला, लगेच रंग मारून देतो, उद्या कळणारसुद्धा नाही. रंगराव म्हणाले, "नको. भिंत वाळू दे. झाकायचं काम करून दमलो मी." पोपडे खरवडले, भिंतीला वारा दिला. पूर्ण सुकली, मग गिलावा, तोही सुकला, मग रंग. बेल दुरुस्त केली. नळाचा वायसर बदलला, एवढंसं रबर हो! ट्रंक गेली, गालिचा गेला, प्लास्टिक गेलं. आणि शेवटी शेजारची माणसं बोलावून ते कपाट हलवलं.

सकाळची वेळ. कपाट सरकलं, खिडकी उघडली...

मंडळी, मी काय सांगू! शब्द थांबतात इथं. ऊन आत आलं! पूर्वेची खिडकी होती ती, आणि घर बांधल्यापासून तिथं कपाट! ऊन असं जमिनीवर पसरत आलं, शशिकलाबाईंच्या पावलांवर आलं, गुडघ्यांवर आलं. फरशीवर नक्षी आहे हे तेव्हा कळलं. तोच सूर्य बाहेर रोज उभा होता. रोज! आत येऊ का, विचारत होता. आणि आपण त्याच्यासमोर कपाट लावलेलं! भिंतीवरचं विश्वरूप उतरलं, आणि विश्वरूप खिडकीतून आत आलं. दोघं नवरा-बायको नुसती बघत उभी. नळ थांबलेला. शेवटी रंगराव म्हणाले,

"काय सुंदर घर आहे गं आपलं!"

शशिकलाबाई काय म्हणाल्या असतील?

"सुंदर आहे. मी सांगत होते ना, कपाट हलवा, नळ बघा, पाइप बघा? इतकी वर्षं मी राहतेय इथं. मी गिऱ्हाईक नव्हते, तेवढंच माझं चुकलं."

मृदंग असता ना, तर इथं थाप पडली असती. तबलजी, तुम्ही नका वाजवू. हे वाक्य थापेशिवायच ऐका.

पुढं प्रमिलाबाई पुन्हा आल्या. गोदाबाईंनीच आणलं त्यांना. रंगराव चहाआधी सरळ भिंतीपाशी गेले. "इथं ओल होती. इथून पाइप बदललाय. हात लावून बघा." गोदाबाईंनी तळहात भिंतीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग आपलं कपाळ टेकवलं, नुसत्या भिंतीला! कोरडं!

"प्रमिला, घे गं हे घर," म्हणाल्या. "मागच्या वेळी आलो, तेव्हा देवच देव होते. घर दिसलंच नाही."

व्यवहार ठरला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या लोकांनी शशिकलाबाईंना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. पुढं बापूसाहेब, "सावकाश, सावकाश!" करत. बाई म्हणाल्या, "उचला बिनधास्त, मी काही विश्वरूप नाही!" खुर्ची खाली टेकली. बाईंनी चपला काढल्या. उघडं पाऊल जमिनीवर ठेवलं. दुसरं ठेवलं. उभ्या राहिल्या. साध्या मातीवर एक बाई उभी आहे, आणि बघणाऱ्यांचे हात आपोआप जुळतायत!

आता तुमच्याकडे वळतो. कुठं चाललात? बसा! तुमच्या घरात काय काय झाकलंय, ते मी विचारत नाही, भिंतींवरची कॅलेंडरं मला मोजता येतात. पण घर विकायला काढल्यावर जे करणार आहात, ते आज करा. घेणारा कधीतरी येईल, नाहीतर येणार नाही. घरचा जो माणूस रोज उंबरा ओलांडून आत येतो, तो मात्र आज संध्याकाळी येणारच आहे. तुमच्या घरात जी माउली सारखी काहीतरी दुरुस्त करायला सांगते, तिला कटकट म्हणू नका. ती बोलते तोवर ती तिथं राहतेय. ती गप्प झाली, की समजा, मनानं घर सोडून गेली. भिंत कोरडी ठेवा, खिडकी मोकळी ठेवा, ऊन आत येऊ द्या. आणि ते येईल तेव्हा, मंडळी, हात जोडून उभे राहा! याहून मोठं दर्शन मला तरी ठाऊक नाही!

आणि एक छोटी विनंती. माझा मुक्काम आपल्या या कीर्तनाचे व्यवस्थापक साळुंखे यांच्या घरी आहे. जेवण उत्तम, गादी उत्तम, माणसं देवासारखी. फक्त, साळुंखेसाहेब, न्हाणीघराच्या दाराला आतून एक कडी तेवढी बसवा. आत माणूस आहे हे कळावं म्हणून आज सकाळी मला सबंध आंघोळ भूपाळ्या म्हणत करावी लागली, आणि उद्या घसा बसला तर कीर्तन व्हायचं नाही.