चौथा खांदा

आमच्या वाडीचं काय सांगू तुम्हाला! डोंगरमाथ्यावर वीस घरं. कुणी गेलं की खांदा द्यायला घरटी एक पुरुष हजर, ही तिथली रीत.

परवा इकडं आखातात, जलीब भागातल्या आमच्या खोलीत आम्ही वाडीतलेच नऊ जण सकाळी चहा पीत होतो. सदूला पोलीस पाटलांचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

"सदू, तुझा बापूस गेला रे. पण इथं आम्ही तिघंच म्हातारे उरलोय. तिरडी उचलायची कशी?"

नऊ जणांत कुणाचीच मान वर होईना.

तेवढ्यात तिकडं सदूच्या आईनं फोन घेतला. "चौथा खांदा मी देते. तू ड्युटी चुकवू नको."

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. सदू उठला, बूट घालायला लागला. आम्हीही उठलो.