पूतनेला पावडर कुणी लावली?

मंडळी, आजचा प्रश्न सोपा आहे. अंगात ताप असलेलं पोर पाळणाघरात सोडावं का?

हसू नका! तुम्ही म्हणाल, बुवांना आज मोक्ष सापडला नाही वाटतं. अहो, मोक्षाला कसली घाई? सकाळी सातला पोर तापतं आणि दहाची हजेरी असते — घाई तिथे आहे! ... तिसऱ्या रांगेत कोण खोकलं? बाळ का? खोकू दे, खोकू दे. त्याच्याकडे येतोच आपण.

जगातलं पहिलं पाळणाघर कुठलं? गोकुळ! आईबाप बंदिवासात अडकलेले, बाळ यशोदेकडे. तिथे पूतना आली. कशी आली? दात विचकत? छे! नटूनथटून, गजरा माळून, गोड हसत! दारात कुणी अडवलं नाही. का? तर छान दिसत होती! एवढं ध्यानात ठेवा, आणि चला आमच्या वृंदाकडे.

वृंदा ठोसर. मुलींच्या शाळेत ग्रंथपाल. सहा वर्षं झाली — तात्पुरती! पुस्तकं कायमची, कपाटं कायमची, कपाटातली झुरळंसुद्धा कायमची, वृंदा तेवढी तात्पुरती. त्या सोमवारी समिती बसायची होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, तो निकाल बारा वाजता. आणि सकाळी सातला अडीच वर्षांची शालू किरकिरत उठली. काखेत थर्मामीटर लावला — एकशे एक!

वृंदानं देवालाच विचारलं. आज? देवा, कालचा अख्खा रविवार मोकळा होता की रे तुला!

आता पाळणाघर विजूमावशींचं. बाई कडक! दारावर पाटी — ‘ताप, उलटी, जुलाब असतील तर बाळ घरी. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप नसेल, तरच आत.’ आणि मावशींची एक रीत होती. पोर दारात आलं की उचलायचं आणि गालाला गाल लावायचा. पोराला वाटायचं, लाड! लाड कसले? तपासणी होती ती!

वृंदाला ही रीत ठाऊक. मग तिनं काय केलं? तापाचं गोड औषध पाजलं. तासाभरात अंग निवलं. मग तोंडाला पावडर, गालाला तीट, केसांत रिबिनी, ठेवणीतला फ्रॉक! मंडळी, ओळखीचं वाटतंय का काही? छान दिसत होती हो पोर!

‘शालू, औषधाचं मावशीला सांगायचं नाही हं.’

अडीच वर्षांच्या जिवाला आईनं शिकवलेलं पहिलं खोटं! बोलताना वृंदाला स्वतःचीच लाज वाटली. पण घड्याळ कुणाच्या लाजेसाठी थांबतं?

मावशींनी गाल लावला. गार! ‘आज ठेवणीतला फ्रॉक गं?’ — ‘हट्टच धरला हो!’ — शालू आत, वृंदा शाळेत.

बारा वाजता वृंदा समितीपुढे बसली, आणि तिकडे औषधाचा अंमल संपला! टेबलावरचा फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. विजूमावशी! वृंदाला समोरचं दिसेना. ती उठली.

‘बाई, माझी मुलगी तापली आहे. मला सकाळीच माहीत होतं. औषध पाजून पाळणाघरात सोडली मी तिला. मला जायला हवं.’

सहा वर्षं गेली पाण्यात, असं तिला वाटलं. डोळे भरून आले. अध्यक्षा इनामदारबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

‘घरी कुणी नाही?’

‘मिस्टर आहेत ना.’

‘ते कामावर गेले नाहीत?’

‘रजेवर आहेत. आजारी आहेत.’

‘काय होतंय?’

‘सर्दी.’

‘ताप?’

वृंदानं मान खाली घातली. मग हळूच — ‘नाही.’

मंडळी! नवरा घरातच होता हो! तुम्हाला सांगायचं राहिलंच, कारण वृंदाच्याही डोक्यात आलं नव्हतं! निशिकांतराव! काल चार शिंका आल्या, आज रजा! सकाळभर गोधडीत गुडूप! बिनतापाचा बाप घरी, आणि एकशे एक तापाची पोर पाळणाघरात! वर पोरीला पावडर लावताना वृंदा काय म्हणत होती? ‘हळू रड गं, बाबा आजारी आहेत!’

इनामदारबाई म्हणाल्या, ‘लाव त्यांना फोन. आणि तू बस.’

‘अगं, पण माझं नाक गळतंय—’ निशिकांतराव कण्हले.

‘नाक घेऊनच जा!’ वृंदा ओरडली. समितीसमोर!

गेले निशिकांतराव, नाक घेऊन. शालूला आणलं, डॉक्टरांना दाखवलं, कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. त्या गडबडीत त्यांना स्वतःला शिंकायची आठवणच राहिली नाही.

वृंदा कायम झाली का? झाली! मग वाजवायच्या का टाळ्या? थांबा. गुरुवारी पाळणाघरातली चार पोरं तापली. त्यातली ओवी दहा महिन्यांची. तीन दिवस दवाखान्यात! वृंदा भेटायला गेली.  ओवीच्या आईनं नुसती चादर बाजूला केली आणि सलाइन लावलेला तो एवढासा हात दाखवला. वृंदा तिथेच रडली. पुढे कित्येक दिवस तिला पावडरचा डबा उघडवत नव्हता.

आता तुमच्याकडे वळतो. गालात हसताय, पण तुमच्याही घरात तो डबा आहे! नुसतं नाक वाहतंय, पोर हुंदडतंय, पोटभर जेवतंय — खुशाल पाठवा. पण तापलं, ओकलं, पोट बिघडलं, तर घरी! औषधानं उतरलेला ताप म्हणजे नटलेली पूतना. गोकुळात ती परकी तरी होती हो. आपण तिला स्वतः पावडर लावून, कडेवर घेऊन दुसऱ्यांच्या बाळांत सोडतो!

पुन्हा खोकलं? तिसरी रांग! हात लावा बघू कपाळाला. तापलंय? मग घरी न्यायला हवं... अहो ताई, तुम्ही कुठे निघालात? बसा तुम्ही, आरती घेऊन जा! शेजारी मांडी घालून बसलेत ना, ते गृहस्थ — हो, तुम्हीच! उठा, घ्या बाळाला.

काय म्हणता? सर्दी झालीय?

नाक घेऊनच जा!