लीड्सचं हवामान

लंडनच्या पिनर भागातल्या बसस्टॉपवर निवेदिताच्या पाठीमागून मराठी ऐकू आलं आणि तिने कान टवकारले. रांगेत आजी-आजोबांचं चाललं होतं.

“बुधवारी पाऊस. गुरुवारी सकाळी ऊन, दुपारनंतर सोसाट्याचा वारा. शुक्रवारी फक्त नऊ डिग्री.”

“अहो, सप्टेंबरातच नऊ?”

“लीड्सला गं, लीलावती. तिकडे थंडी लवकर पडते.”

“म्हणजे कल्याणीकडचं वाचताय होय! मग तिला फोन करून सांगा की.”

“मी कशाला करू? मला न विचारता लीड्सची नोकरी धरली तिने. मी बोलणार नाही म्हणजे नाही.”

“सहा महिने झाले आता.”

“होऊ देत. तू सांग. म्हणावं, गुरुवारी धुणं सकाळीच वाळत घाल आणि दुपारी आठवणीने आत घे. विसरते ती.”

“बाबांनी सांगितलंय म्हणू?”

“छे! रेडिओवर ऐकलं म्हण.”

“बरं. आणि आज आपल्याकडे काय म्हणतंय?”

“आपल्याकडचं? ते नाही बघितलं.”

तेवढ्यात पावसाची सर आली. दोघांकडेही छत्री नव्हती. निवेदिताने मागे वळून न बघताच आपली छत्री उघडून जरा मागे कलती केली.