पिवळं बटण

आंबिवलीच्या जग्याचं नाव निघालं की माझं डोकं का फिरतं, विचारत होतास ना? ऐक.

तेव्हा हळदीला डीजे म्हटलं की आमच्याकडे दोनच नावं, मी नाहीतर जग्या. आणि माझ्याच हळदीला मामाने परस्पर जग्याला सांगितलेलं!

म्हटलं, "मामा, घरात डीजे असताना?"

"तू नवरा आहेस. पाटावर बसून वाजवणार काय?"

बसलो पाटावर. जग्याने पहिलंच गाणं लावलं आणि अख्खा मांडव उठला. माझी आई, जिने माझ्या साऊंडला कायम कटकट म्हटलं, ती पदर खोचून नाचत होती. वर मला येऊन म्हणते, "किती गोड आवाज रे ह्याचा!"

अंगाला हळद लागलेली आणि झोंबत होती मिरची. शेवटी पाटावरून उठलो, तसाच मिक्सरपाशी गेलो.

"आवाज फाटतोय तुझा," म्हणत बटण फिरवलं. फाटतबिटत काही नव्हता.

जग्या नुसता हसला. मला वाटलं, जिरवली साल्याची.

पुढे माजिवड्याचं माझं नेहमीचं गिऱ्हाईक जग्याकडे गेलं. मी भडकलो, "का हो काका? माझं काय चुकलं?"

काका म्हणाले, "अरे, त्याने मला मिक्सरचं पिवळं बटण दाखवलं. पुसलेलं नाही त्याने. म्हणाला, ही तुमच्या डीजेची हळद. स्वतःच्या लग्नाला तोसुद्धा मलाच बोलावतो."