वाहून काही गेलं नाही

अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर ओल्या कपड्यांतला एक माणूस बसला होता. त्याचा मेहुणा धावतच आला.

"भाऊजी, ताई कशी आहे?"

"आत आहे. अजून शुद्धीवर नाही."

"अहो, पण झालं तरी काय?"

"नदीतून जंगलात मुक्कामाला निघालो होतो. वळणावर धार जोराची लागली आणि होडी उलटली."

"तुम्ही तर लोकांना होडी चालवायला शिकवता!"

"तेच शिकवतो. होडीत सुटं काही ठेवायचं नाही. तंबू, शिधा, भांडी, सगळं घट्ट बांधलेलं. एक चमचासुद्धा वाहून गेला नाही."

"चमचे गेले खड्ड्यात! ताईला पोहता येत नाही, माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं रे. म्हणून तर तिलाही बांधलं होतं."