परसिसच्या शेजारचा दगड

लोरीन : ...आणि बिल्ला डाव्या बाजूला लावायचा, हेही त्यांनी पत्रात कळवलंय. काळजाच्या बाजूला.

व्हर्ना : मघाशी गाडीतही सांगितलंस. ती बादली सरकव इकडे.

लोरीन : तुला आनंद नाही झाला का, व्हर्ना? सख्खी बहीण ना तू माझी? पणजी परसिसचे आजोबा अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढले, म्हणून त्या सैनिकांच्या वंशजांच्या मंडळाने मला घेतलं. व्हीलॉक घराण्यात असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. आणि उद्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या मेळाव्यात अख्ख्या काउंटीसमोर मी वाचणार. ‘आमचे पणजोबा जोसाया व्हीलॉक १८५७ साली व्हरमाँटहून बैलगाडीने नेब्रास्कात आले...’

व्हर्ना : माझ्याच कागदांतून.

लोरीन : अगं, तूच खोकं भरून दिलंस मला! म्हणालीस, कंटाळा आला.

व्हर्ना : अकरा वर्षं घराण्याच्या नोंदींसाठी कचेऱ्यांच्या तळघरांत धूळ खाल्ली मी. एक चर्च सोडलं नाही पत्र घालायचं. तू आठ महिन्यांत सगळं टाइप करून घेतलंस आणि बिल्ला लावून मोकळी झालीस. आयत्या बिळावर नागोबा.

लोरीन : टोमणे पुरे बाई. परसिसच्या थडग्याचा दगड छान निघाला धुऊन. आता फुलं ठेवू. कॉफीचा रिकामा डबा आणलाय मी... अय्या, इथे आधीच कुणाचा तरी डबा आहे. गवतात. अगं, इथे एक दगड आहे! एवढासा. पार खचलाय.

व्हर्ना : असेल कुणाचा तरी. जोसायाच्या दगडावरचं शेवाळ काढ आधी.

लोरीन : अक्षरं आहेत त्याच्यावर. पीठ आणलंयस ना? दे. चोळलं की उठतील.

व्हर्ना : ऊन चढतंय, लोरीन. घरी तुझ्या गोड पाईंचं सारण तसंच पडलंय.

लोरीन : दे गं. हं... ‘आल्विन.’ आजोबांचं नाव! ‘जोसाया आणि परसिस यांचा मुलगा. मृत्यू १८६१. वय दोन वर्षे, अकरा महिने, चार दिवस.’

(लोरीन पिठाने भरलेले हात तसेच धरून गवतात बसते.)

लोरीन : आल्विन आजोबा तर माझ्या लग्नात नाचले होते.

व्हर्ना : ते दुसरे आल्विन. तेव्हा एक पोर गेलं की पुढच्या पोराला तेच नाव ठेवत. जुन्या घराण्यांत असं किती सापडतं. मीही फसले होते.

लोरीन : पण बाप्तिस्म्याची नोंद आहे की! तीच पाठवली मी मंडळाला.

व्हर्ना : आहे ना. ह्याची.

लोरीन : मग परसिसला मागाहून दुसरा मुलगा...

व्हर्ना : आत्ता तूच धुतलास तिचा दगड. तारीख बघ. पोर गेलं त्याच आठवड्यात तीही गेली. घटसर्प होता.

लोरीन : म्हणजे आजोबांची आई कोण?

व्हर्ना : ब्रिटा. घरकामाला ठेवलेली स्वीडिश मुलगी. दोन वर्षांनी जोसायाने तिच्याशी लग्न केलं. आपण तिचे. परसिसच्या त्या शूर आजोबांशी आपला काडीचा संबंध नाही.

लोरीन : हा डबा तू ठेवलास.

व्हर्ना : हो.

लोरीन : कधीपासून माहीत आहे तुला?

व्हर्ना : तीन वर्षं. तो बिल्ला मलाच हवा होता, लोरीन. अर्ज भरून तयार होता. शेवटचं एकदा बघावं म्हणून इथे आले आणि ह्या दगडाला ठेच लागली. घरी जाऊन अर्ज जाळला. मग तू म्हणालीस, मी बघते जरा. मी खोकं दिलं.

लोरीन : आणि गप्प बसलीस.

व्हर्ना : बसले. वाटलं, ते लोक चूक पकडतील, तू हिरमुसशील, संपेल. तर त्यांनी तुला बिल्ला दिला! मी खरं वागून हात चोळत बसले आणि तुला चुकीवर मान. जळले मी. अजून जळतेय. उद्या तुझं वाचून झालं की उठून सांगणार होते. ड्रेसला इस्त्रीसुद्धा करून ठेवलीय.

लोरीन : सगळ्यांसमोर?

व्हर्ना : सगळ्यांसमोर. लहानपणापासून लोक तुझ्याकडेच बघतात. म्हटलं, एकदा माझ्याकडे बघू देत.

लोरीन : मग आज मला इथे कशाला आणलंस?

व्हर्ना : मी कुठे आणलं? तूच सकाळी दारात गाडी उभी केलीस. दगड धुवायला चल म्हणालीस.

लोरीन : ...बरं. बिल्ला परत पाठवते. उद्या ब्रिटाबद्दल बोलते. आणि सांगते, हे सगळं माझ्या बहिणीने शोधून काढलं.

व्हर्ना : अजिबात नको! तू सांगशील, टाळ्या पडतील. सगळे म्हणतील, काय मन आहे लोरीनचं! माझं म्हणावं असं हे एक शोधकाम आहे, तेही तुझंच होऊन बसेल.

लोरीन : मग सांगू तरी काय?

व्हर्ना : खरं ते सांग. व्हर्नाला तीन वर्षं ठाऊक होतं आणि हेव्यापोटी तिने तोंड उघडलं नाही.

लोरीन : हे मी नाही सांगणार. लोक तुझ्याशी बोलायचे नाहीत उद्यापासून.

व्हर्ना : बघ. परत तूच चांगली.