सादळलेला फुगा

...नाय नाय, हसू नका, आधी ऐका तरी! पापड सादळला की काय होतो? वातड. काडेपेटी सादळली की? पेटत नाय. फटाका सादळला की फुसका जातो, बरोबर? आमच्या पेणच्या खाडीकाठच्या हवेत मीठ सादळतं, पोहे सादळतात, पावसाळ्यात माणूससुद्धा सादळतो, आणि सादळली वस्तू की तिचा जोर गेला, एवढं तर आम्हाला जन्मल्यापासून माहीत! पण तुम्हाला सांगतो, या जगात एक वस्तू अशी हाय, जी सादळली की जास्त जोरात फुटते... आणि ती ठेवलीय कुठं? गाडीच्या स्टिअरिंगमध्ये! माझ्या छातीसमोर!

मला काय माहीत? मी गुणाजी म्हात्रे, भातशेती करणारा माणूस. जुनी गाडी घेतली, सगुणाला, म्हणजे आमच्या मंडळींना, शेजारी बसवायची आणि रोह्याला लेकीकडं जायचं. स्टिअरिंगवर एअरबॅग लिहिलेलं होतं. मला वाटायचं, धडक बसली की उशी बाहेर येत असेल, सायकलच्या ट्यूबसारखी वारा भरलेली. वारा कसला हो! एक दिवस गाडीच्या कंपनीतून फोन. नमिता नावाची मुलगी, आवाज असा गोड, जणू लग्नाचं आमंत्रण देतेय. "सर, एअरबॅगच्या मागे एक लोखंडी डबा असतो. त्यातलं रसायन पापणी लवायच्या आत पेटतं आणि पिशवी फुगते. पण वर्षानुवर्षं दमट हवेत राहून ते रसायन खराब होतं सर, आणि मग धडकेत कधीकधी डबाच फुटतो, आणि त्याचे तुकडे..."

"तुकडे जातात कुठं?"

"सर, आपल्याकडे."

आपल्याकडे! म्हणजे तिच्याकडं नाय, माझ्याकडं! वर म्हणते, "सर, गाडी अजिबात चालवू नका. पनवेलला घेऊन या." म्हटलं, "पोरी, चालवायची नाय तर आणू कशी, डोक्यावर घेऊन?" तर म्हणाली, "पार्ट आला की कळवते सर." कळवते म्हणाली ती कळवतेच आहे अजून. शिमगा आला, शिमगा गेला, गाडी अंगणात, आणि मी तिच्याकडं लांबून बघतोय, दुसऱ्याच्या कुत्र्याकडं बघावं तसा!

सगुणा म्हणाली, "आदेशला दाखवा." आदेश म्हणजे आमचा पेणचा मेकॅनिक. आला, पान खात आला. म्हटलं, "आदेश, बाबा, जपून रे, स्फोटक हाय." तर म्हणतो कसा, "काय नाय होत काका!" बॅटरी सोडवली, स्क्रू फिरवले, आणि काढलीन की ती वस्तू अख्खी! ठेवलीन माझ्या हातात, तान्हं मूल ठेवावं तशी. "फक्त तोंड, म्हणजे पिशवीची बाजू, वर ठेवा. पालथी ठेवलीत आणि उडाली, तर डबा छतातनं बाहेर जाईल." "अरे मग तू घेऊन जा!" "मी? माझ्या गॅरेजात वेल्डिंग चालतं काका!" आणि गेला. आता मला सांगा, ज्याला काय नाय होत, त्याला घेऊन जायला काय झालं?

झाली सुरुवात! कुरियरवाल्याला विचारलं, तो म्हणाला, असली वस्तू न्यायला कायद्यानं बंदी हाय. भंगारवाल्यानं नुसतं बघितलं आणि हातगाडी फिरवली. नमिताला फोन केला तर तिला घामच फुटला, "सर, काढलात? सर, कशाला काढलात? आता स्पेशल गाडी पाठवावी लागेल सर!" "पाठव मग!" "कळवते सर."

मी तो फुगा मागच्या पडवीत फळीवर ठेवला, तोंड वर करून, आणि सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाय. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून येतो, तर अंगणात पापड वाळत घातलेले, सगुणा आणि शेजारची शांती लाटतायत, वारा सुटलेला, एप्रिलचं ऊन असं की पायाला चटके... आणि पापडाच्या लुगड्याच्या कोपऱ्यावर, लुगडं उडू नये म्हणून, काय ठेवलेलं? फुगा! भर उन्हात! तोंड खाली! आणि दोघी त्याच्या बाजूला मांडी घालून!

"सगुणा... उठ... उठ गो तिथनं..." ती म्हणते, "अवो, जड हाय, गोल हाय, तुमच्या फळीवर नुसताच पडलेला. काय नाय होत!"

काय नाय होत! मी तिथंच ठरवलं, ही वस्तू आज घराबाहेर गेली पाहिजे. रोह्याला जावयाला फोन लावला. मिथुन धाटावला केमिकल कंपनीत हाय, जनरल शिफ्टला. तो घाईत म्हणाला, "बाबा, पाठवा माझ्याकडं, आमच्या सेफ्टीच्या साहेबांना दाखवतो." झालं! एसटीनं न्यावा तर बाकीच्या माणसांनी काय केलंय माझं? म्हणून स्कूटर काढली. भाजीचा क्रेट मागच्या सीटवर बांधला, त्यात गोधडी, गोधडीत फुगा, तोंड वर, त्यावर ओला टॉवेल. निघालो.

तुम्हाला सांगतो, खड्डे मी जन्मभर बघतोय, पण त्या दिवशी एकेक खड्डा मला नावानं हाक मारत होता! वडखळला ट्रॅफिक. पुढं ट्रक, मागं ट्रेलर, मध्ये मी आणि माझी गोधडी. बाजूच्या टेम्पोतला उतरला, बिडी पेटवली आणि कोपर टेकलंन क्रेटवर! "भाऊ, लांब हो!" "का, अंडी हायत काय?" "स्फोटक हाय!" तो हसला, बिडी ओढलीन आणि म्हणाला, "काय नाय होत." मी क्रेटभोवती हात टाकून उभा... नागोठणं गेलं, भिसेखिंडीची वळणं आली, प्रत्येक वळणावर मानेला वाटायचं, आता लागला तुकडा, आता लागला...

धाटावच्या गेटवर पोचलो. मिथुन बाहेर आला, गोधडी उघडली आणि पांढरा पडला. "बाबा... तुम्ही हे आणलंत?"

"तूच म्हणालास, पाठवा!"

"फोटो, बाबा! फोटो पाठवा म्हटलं मी!"

फोटो! अरे मग फ म्हण की! साहेब आले. हेल्मेट, गॉगल, सगळं. मला वाटलं, आता आत नेतील. तर त्यांनी मलाच झापलं. "आजोबा, तुम्ही स्कूटरवर, या उन्हात, लोकांच्या गर्दीतून हे आणलंत? आमच्या गेटच्या आत अशी वस्तू येऊ शकत नाही." पण माणूस भला. तिथंच उभं राहून नमिताच्या वरच्या साहेबांना फोन लावला, असा आवाज चढवला की नुसत्या 'कळवते'वर अडकलेली स्पेशल गाडी उद्याच येते म्हणाली. मला सांगितलं, मोकळ्या जागेत, सावलीत ठेवा, माणसापासून लांब. मिथुननं सुट्टी टाकली, आणि आम्ही सासरा-जावई एका स्कूटरवर, मध्ये क्रेट, परत पेण! तो मागं बसून सगळ्या वाटेत एकच शब्द बोलला... "हळू."

घरामागच्या शेतात ठेवला. आंब्याखाली सावलीत, भोवती दगड, काठीला सगुणाच्या पोलक्याचं लाल फडकं. गावाला सांगितलं, कोणी फिरकू नका. आता झोपावं की नाय माणसानं निवांत?

सकाळी चहा घेतोय, तर धूर! बाजूच्या शेतात आमचे हैबतराव राब भाजतायत. म्हणजे पावसाआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची असते ना, ते. मी ओरडलो, "हैबतराव, वारा हाय, विझवा!" ते हात हलवून म्हणाले, "काय नाय होत रे!" आणि तेवढ्यात आग बांध ओलांडून माझ्या वाळक्या गवतात शिरली, सुरसुरत आंब्याकडं निघाली. हैबतरावांना फडकं दिसलं. म्हातारा मनानं चांगला हो! मला ओरडून म्हणतो, "थांब, तुझा डबा बाजूला करतो!" आणि काठी घेऊन निघाला की त्याच्याकडं!

मी कसा धावलो मला माहीत नाय. चप्पल कुठं गेली माहीत नाय. म्हाताऱ्याला कमरेला धरला आणि दोघं धाडदिशी बांधापलीकडं पडलो, आणि...

आवाज कसला, कानात शिटीच वाजायला लागली. कावळे उडाले, पांढरी पिशवी गवतात फडफडली, आणि जळायला लागली. मग सगळं शांत. हैबतराव म्हणाले, "फुटला काय रे?" त्यांना त्यांचंच ऐकू येत नव्हतं.

आग विझवली मिथुननं आणि सगुणानं. मी आंब्याजवळ गेलो. खोडात बोटाएवढा लोखंडाचा तुकडा रुतलेला, चिमट्यानं निघेना. किती उंचीवर? मी शेजारी उभा राहिलो... माझ्या गळ्याएवढ्या. खरं सांगतो, तेव्हा मला हसू आलं नाय. अपेक्षाला, माझ्या लेकीला, बाळंतपणाला याच गाडीतनं नेलं होतं. पुढचा ट्रक अचानक थांबला होता, मी कचकन ब्रेक मारला होता, टेकायला वीतभर राहिलं होतं. त्या वीतभर जागेत आमचं सगळं घर होतं हो. सगुणानं पाण्याचा तांब्या आणला, माझ्याआधी स्वतःच प्याली. पहिल्यांदाच.

दुपारी स्पेशल गाडी आली! मोठी, नारिंगी पाट्या लावलेली, दोन माणसं, जाड हातमोजे, फोम घातलेली पोलादी पेटी. "कुठे आहे?" मी राख दाखवली. ते एकमेकांकडं बघायला लागले. "काका, आम्हाला जिवंत हवा होता. फुटलेला आम्ही नेत नाही." म्हटलं, मलापण जिवंत राहायचं होतं बाबांनो, दोघांचं जमलं नाय.

पेटी बंद केली त्यांनी. त्यातल्या थोराड माणसानं मोबाइलवर काहीतरी वाचलं, गाडीकडं बघितलं आणि विचारलं, "बरं, आणि दुसरा?"

"कुठला दुसरा?"

"शेजारच्या सीटसमोरचा. तुमच्या मॉडेलला दोन असतात ना काका."

मी अंगणात बघितलं. गाडी मांडवाच्या सावलीत, डावीकडचं दार उघडं, आणि पुढच्या सीटवर आमची सगुणा, सूप मांडीवर घेऊन निवांत वाल निवडतेय.

"सगुणा," म्हटलं, "जरा खाली उतर गो... सावकाश... आणि दार आपटू नको."

आपटलंनच.